गाडीची आगोट : प्रस्तावना

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग खालापूर तालुका आडवा कापत जातो. २००२ साली पूर्ण खुला झालेला हा देशातला पहिला सहापदरी, प्रवेशनियंत्रित काँक्रीट रस्ता. त्याचा टोलनाका खालापुरात, त्याचा सगळ्यात कठीण चढ खोपोलीच्या डोक्यावर. या तालुक्यात दारोदार उभी दिसते ती मोटारसायकल, आणि तिला या रस्त्यावर बंदी आहे. बंदी योग्यच आहे, तक्रार नाही. पण त्यामुळे पनवेलकडून घाट चढणारी एकूण एक दुचाकी जुन्या रस्त्याला लागते: चौक, खालापूर फाटा, खोपोली, मग शिंग्रोबाची वळणं. त्याच रस्त्यावर रसायनी-पाताळगंगेच्या कारखान्यांतून पाळी सुटलेली माणसं असतात, महडच्या वरदविनायकाला निघालेली कुटुंबं असतात, चैत्रात एकवीरेला पायी जाणाऱ्या पालख्या असतात, आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढणारे भरलेले ट्रक.

कर्जतची तऱ्हा वेगळी. तिथे रेल्वे आहे म्हणून मोटारसायकल आहे. पहाटेची लोकल धरायची तर कशेळे, कडाव, खांडसच्या माणसाला अंधारातच घर सोडावं लागतं, आणि त्या वेळेला एसटीचा भरवसा धरता येत नाही. गाडी स्टेशनाबाहेर दिवसभर उन्हापावसात उभी राहते आणि रात्री पुन्हा अंधारातच परत येते. कर्जत-खोपोली ही पंधरा किलोमीटरची रेल्वेची फांदी, तिच्यावर गाड्या मोजक्याच. एक चुकली की पळसदरीचा रस्ता आणि दुचाकी.

हे पुस्तक या माणसांसाठी आहे. दुचाकीवर मराठीत लिहिलं जातं ते बहुतेक लडाखचं असतं किंवा नव्या गाड्यांच्या परीक्षणांचं. शनिवार-रविवारी धबधब्यांवर येणाऱ्या मोठ्या गाड्यांच्या मालकांना गुडघ्याची ढाल, कोपराची ढाल, जाड जाकीट सगळं मिळतं आणि माहितीही मिळते. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर पुढे दुधाच्या किटल्या, मागे बायको, तिच्या मांडीवर पोर, अशा अवस्थेत रोज तीस-चाळीस किलोमीटर काटणाऱ्याला कोणी काही सांगत नाही. सांगितलंच तर दंडाची रक्कम सांगतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ सालचा अहवाल पाहिला तर देशात त्या वर्षी रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक. आणि हेल्मेट नव्हतं म्हणून नोंदलेले मृत्यू ५०,०२९; त्यांत चौदा हजारांहून जास्त मागे बसलेले. आपल्याकडे मागच्याने हेल्मेट घालायचं असतं हेच अनेकांना पटत नाही. आकडे एवढेच पुरेत. पुढे या पुस्तकात आकडे फारसे येणार नाहीत, ग्रीस आणि चिखल जास्त येईल.

माझं म्हणणं थोडक्यात असं. गाडी नीट चालवणं आणि गाडी नीट ठेवणं हे दोन विषय म्हणून शिकवले जातात: एक पोलिसांचा, दुसरा मेकॅनिकचा. आपल्या भागात ते वेगळे करताच येत नाहीत, कारण दोन्हींच्या मधे पाऊस उभा आहे. पुढच्या ब्रेकची केबल मे महिन्यात गंजलेली असते, माणूस पडतो जुलैत. पंचनाम्यात लिहिलं जातं, ‘गाडी घसरली.’

एक सवय सांगतो म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून पलीकडे जातो, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. सायकल शिकताना कोणी तरी सांगितलेलं असतं, ते जन्मभर पुरतं. म्हणून कित्येक जण फक्त पायाचा ब्रेक वापरतात. आता, गाडी थांबायला लागली की बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. ओल्या रस्त्यावर नुसता मागचा ब्रेक दाबला की मागचं चाक जाम होऊन आडवं सरकतं. आणि पुढचा ब्रेक वर्षानुवर्षं वापरला नाही म्हणून त्याची केबल आतून सुकते, कॅम घट्ट होतो, लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो. मग कधी तरी घाबरून दाबावा तर एक तर तो लागत नाही, नाही तर अचानक धरतो आणि समजूत आणखी पक्की होते. एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागेल अशी जोडणी सक्तीची झाली, त्याहून मोठ्यांना एबीएस. पण आपल्या गावांतून अजून त्याआधीच्या गाड्या भरपूर धावतात, आणि त्यांच्यावर बोटांनी हळूहळू दाब वाढवत पुढचा ब्रेक वापरणं शिकण्यावाचून उपाय नाही. यासाठी पुस्तकात एक अख्खं प्रकरण दिलं आहे. ते वाचून झाल्यावर रिकाम्या मैदानात सराव करा, घाटात नको.

गाडीची निगा राखायला विसरण्याला थोडा इतिहासही आहे. १९७२ च्या सुमारास लुना आली, बजाजची चेतक आली. त्या पिढीच्या माणसाला प्लग काढून घासता येत असे, कारण त्यावाचून गाडी घरी यायची नाही. राजदूतवाल्या दूधवाल्याकडे पाना-पक्कड असायचीच. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असा तिच्या जाहिरातीचा सांगावा होता. गाडी खरोखरच तशी होती, उत्तम होती. पण लोकांनी पेट्रोलबद्दल सांगितलेलं सगळ्याच बाबतीत मनावर घेतलं. ऑइल विसरले, चेन विसरले, टायर तर ट्यूब बाहेर दिसेपर्यंत विसरले.

कंपनीच्या पुस्तिकेत सर्व्हिसिंग किलोमीटरवर मोजलेलं असतं: अमुक हजाराला ऑइल, तमुक हजाराला एअर फिल्टर. सपाट, कोरड्या मुलखात हा हिशेब चालतो. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तोही जवळपास सगळा चार महिन्यांत, तिथे किलोमीटरबरोबर नक्षत्रंही मोजावी लागतात. इथला शेतकरी मृगाआधी घराची कौलं चाळतो, लाकूडफाटा आत घेतो, मसाला-पापड-सुकी मासळी भरून ठेवतो. ही आगोट प्रत्येक घरात होते. गाडीची मात्र होत नाही, आणि घरात पहिली भिजते तीच. म्हणून या पुस्तकाची प्रकरणं महिन्यांप्रमाणे लावली आहेत आणि सुरुवात जानेवारीने न करता रोहिणीने केली आहे.

रोहिणीत करायचं ते असं. टायरची खाच बघायची. खाचेच्या तळाशी जे उंचवटे असतात त्यांच्या बरोबरीला रबर आलं असेल तर टायर संपला, मग दिसायला कितीही चांगला असो. लायनर बदलायचा तो पावसाआधी, पावसात नाही. चाकाचे बेअरिंग, हँडलचा कोनसेट, दोन्हींत ग्रीस. चेन धुऊन, सुकवून, नव्वद नंबरचं ऑइल. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली. हॉर्न आणि मागचा लाल दिवा. बाकी राहिलं तर चालेल, पण मागचा लाल दिवा राहिला तर नाही. धो धो पावसात मागून येणाऱ्या टेम्पोला तुमची तेवढीच ओळख असते.

मृगाची पहिली सर आली की माणसं खूश होऊन भिजत गाडी चालवतात. तो अर्धा तास वर्षातला सगळ्यात निसरडा. आठ महिने डांबरावर जिरलेलं डिझेल, ऑइल, धूळ, टायरचं झिजलेलं रबर पाण्याबरोबर वर येतं आणि रस्त्यावर साबणासारखा थर धरतं. बोरघाटात, जिथे ट्रक गिअर टाकत, तेल गाळत चढतात, तिथे तर जास्तच. अशा वेळी कडेला, चहाच्या टपरीत थांबावं. दोन-तीन मोठ्या सरी होऊन गेल्या की रस्ता धुऊन निघतो आणि पुन्हा भरवशाचा होतो.

आर्द्रा-पुनर्वसूत लावणी सुरू होते. पॉवर टिलर आणि ट्रॅक्टर खाचरातून सरळ डांबरावर चढतात आणि वळणावर पावलाएवढी चिखलाची ढेकळं सोडून जातात. खाली काँक्रीट असेल तर त्यावर हा चिखल म्हणजे वंगणच. काँक्रीटच्या नव्या रस्त्यांचा दुसरा धोका कडेला आहे: पावसाने साईडपट्टी वाहून जाते आणि वीतभर पायरी पडते. समोरून मोठी गाडी आली म्हणून खाली उतरलात तर परत वर चढताना चाक त्या पायरीला घासून गाडी आडवी होते. वेग पार कमी करून, थोडं लांब घेऊन, चाक जमेल तितकं काटकोनात घालून चढायचं. ओल्या रेल्वे रुळांनाही हाच नियम.

पाण्यातून जाण्याबद्दल मी कडक आहे. उल्हास आणि पेज या नद्या चढतात त्या बघता बघता. वर राजमाचीकडे काय पडतंय ते कर्जतच्या पुलावर उभं राहून कळत नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले. ते पाणी याच उल्हासचं. जिने एक्स्प्रेस गाडी अडवली तिच्यासमोर आपली सव्वाशे किलोची मोटारसायकल कुठे? साकवावरून पाणी वाहत असेल आणि रस्ता दिसत नसेल तर जायचं नाही. नोकरीवर खाडा पडला तरी जायचं नाही. साचलेल्या, स्थिर पाण्यातून, चाकाच्या हबच्या खाली असेल तर, पहिल्या गिअरमध्ये एकसारखा थ्रॉटल ठेवून जाता येतं. पलीकडे गेल्यावर दोन्ही ब्रेक हलके दाबत शंभरएक मीटर चालवायचं म्हणजे ड्रममधलं पाणी सुकतं. पाण्यात इंजिन बंद पडलं तर किक मारू नका, सेल्फ तर मुळीच नको. आत पाणी गेलं असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत बाहेर काढा, प्लग काढून पाणी बाहेर पडू द्या, ऑइल बघा. दुधाळ दिसलं तर आधी बदला, मग सुरू करा.

पावसातला आणखी एक अपघात इतका आपला आहे की परदेशी पुस्तकांत तो सापडायचा नाही. मागे बसलेली व्यक्ती छत्री उघडते. वारा समोरून, छत्री उलटते, हात सुटत नाही, माणूस मागच्या मागे रस्त्यावर. बहुतेक वेळा ती व्यक्ती बाई असते, एका बाजूला पाय सोडून बसलेली, कडेवर मूल. छत्री घडी करून पिशवीत. भिजलं तर भिजलं. रेनकोटची लोंबणारी टोकं, ओढणी, पदर, सगळं आत खोचून. साडी गार्ड कोणी ‘गाडी भारी दिसते’ म्हणून काढून टाकत असेल तर त्याला तो परत बसवायला लावा. मुलांबाबत कायदा आता स्पष्ट आहे: चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट, त्याखालच्या मुलाला हेल्मेट, चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, आणि वेग चाळीसच्या आत.

हेल्मेटच्या प्रकरणाला माझ्या मित्रांनी आधीच नाकं मुरडली आहेत. घाटापलीकडे पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले, आणि तिथलं वारं घाट उतरून खाली येतंच. उकडतं, केस गळतात, मान दुखते, हॉर्न ऐकू येत नाही, ही कारणं मला पाठ आहेत. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हेल्मेटमध्ये उकडतं हे खरंच आहे. पण ही सक्ती आली कुठून ते माहीत असावं. १९३५ साली इंग्लंडात टी. ई. लॉरेन्स, ज्याला जग लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून ओळखतं, मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी डोक्याच्या दुखापतीने गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा शल्यविशारद होता. त्याने पुढे मोटारसायकलवर मरणाऱ्या सैनिकी निरोप्यांचा अभ्यास केला, १९४१ मध्ये तो छापला, आणि ब्रिटिश सैन्याने त्यांच्यासाठी हेल्मेट सक्तीचं केलं. त्यानंतर जगभर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित ताळा असा, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका बेचाळीस टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा एकोणसत्तर टक्क्यांनी कमी होतो. तुमचे केस त्या हिशेबात धरलेले नाहीत.

हेल्मेट आयएसआय छापाचंच घ्या. १ जून २०२१ पासून दुसरं विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला टोपल्या मिळतातच. हनुवटीचा पट्टा लावला नाही तर हेल्मेट तुमच्याआधी रस्त्यावर पोचतं. पावसाळ्यात काच ओरखडलेली असेल तर समोरून येणाऱ्या अप्परच्या उजेडात काहीही दिसत नाही. काच बदलायला फारसा खर्च येत नाही, तरी माणसं ती बदलत नाहीत.

घाट उतरताना न्यूट्रल करून, इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणारे महाभाग अजून भेटतात. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत रस्ता असा उभा आहे की चढताना ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरावं लागतं. इंजिननेच गाडी धरली पाहिजे. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ड्रम तापतो आणि खालच्या वळणांवर लिव्हर हाताला लागते पण गाडी थांबत नाही. बोरघाटात शिंग्रोबाला नाणं टाकल्याशिवाय जुना चालक पुढे जात नाही. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणाऱ्या त्या धनगराचा तो मान आहे, असं सांगतात; १८३० साली हा रस्ता गाड्यांना खुला झाला तेव्हापासून किती चाकं या घाटातून गेली असतील. नाणं जरूर टाका. तिथे थांबलाच आहात तर ब्रेकचा ड्रम तापलाय का, तेही बोटाने नव्हे, पाण्याचा शिंतोडा टाकून बघा.

बाकीचे ऋतू पावसासारखे आडवे येत नाहीत, म्हणून त्यांची प्रकरणं लहान आहेत. हस्तानंतर कापणी, आणि रस्त्यावर भाताचा पेंढा. गवताचे भारे आडवे बांधून येणाऱ्या गाड्या, दिव्याशिवायच्या ट्रॉल्या. पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी आता काढायची असेल तर टाकीतलं पेट्रोल आधी बघा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या त्याने बसतात. थंडीत उल्हासच्या खोऱ्यात पहाटे धुकं साचतं आणि ऊब धरलेल्या डांबरावर गुरं बसलेली असतात. त्यांना अप्पर मारून उपयोग नाही, धुक्यात डिप्परनेच जास्त दिसतं. फाल्गुन-चैत्रात राब भाजतात, धुराचा लोट रस्त्यावर येतो. वीटभट्ट्यांची धूळ एअर फिल्टर चोंदवते, गाडी पेट्रोल पिऊ लागते, आणि माणूस पंपवाल्याला शिव्या घालतो.

आणि कोणी पडलेलं दिसलं तर थांबा. पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती आता धरू नका. २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण दिलं आहे, त्याला नाव सांगण्याचीही सक्ती नाही. या भागाला मदतीची सवय आहे. खोपोलीत घाटातल्या अपघातग्रस्तांसाठी रात्री-अपरात्री धावणारे स्वयंसेवक आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा भर पावसात चढून गेलेल्यांत यशवंती हायकर्स या गिर्यारोहकांच्या संस्थेची मंडळी होती. १०८ ला फोन लावा, जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका, मान हलवू नका, आणि मागून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायला एकाला वळणाच्या अलीकडे उभं करा.

कर्जत, नेरळ, चौक आणि खोपोलीच्या गॅरेजवाल्यांनी या मजकुराच्या चुका काढल्या. काही ठिकाणी त्यांचं आपसात एकमत झालं नाही, विशेषतः चेनला ऑइल लावावं की ग्रीस यावर. मी ऑइलच्या बाजूने निवाडा दिला आहे. पावसात ग्रीसला चिखल चिकटतो आणि चेन-स्प्रॉकेट लवकर खाल्लं जातं. ज्यांना पटणार नाही त्यांनी एक पावसाळा दोन्ही करून बघावं.

शेवटची काही पानं कोरी सोडली आहेत. ऑइल बदलल्याची तारीख, किलोमीटर, टायरची हवा, लायनर कधी टाकला, ते तिथे लिहीत जा, आणि गाडी विकलीत तर पुस्तकही गाडीबरोबर द्या. एक विनंती: ते गाडीच्या डिकीत ठेवू नका, जुलैत लगदा होईल. घरात चावीच्या खिळ्याला दोरी बांधून टांगा.